गव्हाचा वाण, तांबेरा आणि शेतातली माती: पेरणीआधीपासून दाणा तपासण्यापर्यंत

ऑक्टोबर लागला की कृषी सेवा केंद्रात एकच प्रश्न सुरू होतो: "यंदा गहू कुठला पेरू?" दुकानदार समोर असलेली पिशवी दाखवतो. शेजाऱ्याला गेल्या साली जे साधलं, ते तो सांगतो. खरं तर वाणाचं नाव घेण्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. पाणी कुठलं आहे, पेरणी कधी होणार आहे, आणि गहू पोळीसाठी हवा की रवा-शेवयांसाठी? तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण मातीत जड धातू असतील तर सगळ्यात महागात पडणारा तोच.

हा लेख महाराष्ट्रातल्या बागायती गव्हापुरता आहे. तांबेरा, म्हणजे गव्हाच्या पानावर-खोडावर गंजासारख्या पुळ्या आणणारा बुरशीचा रोग, आणि मातीचं प्रदूषण हे दोन विषय एरवी वेगवेगळे सांगितले जातात. शेतात ते एकाच पाण्याच्या पाटातून येतात, म्हणून इथे एकत्र घेतले आहेत.

सप्टेंबर-ऑक्टोबर: आधी पाणी बघा, मग माती

शेताला स्वच्छ विहिरीचं किंवा धरणाच्या कालव्याचं पाणी मिळत असेल, शेजारी कारखाना नसेल आणि शहराचा कचरा-खत कधी टाकलेलं नसेल, तर नेहमीची माती तपासणी करून पुढच्या भागाकडे वळा. उगीच खर्च करू नका.

शेत शहराच्या खालच्या अंगाला असेल तर मात्र थांबा. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं शहराचं पाणी कालव्याने हवेली-दौंडकडे शेतीला जातं. लहानमोठ्या शहरांच्या नाल्यांवर मोटारी टाकून पाणी घेणारे शेतकरी तर राज्यभर आहेत. या पाण्यावर गहू हिरवागार येतो, कारण त्यात नत्र भरपूर असतं. फसगत इथेच होते. पीक जोमदार दिसतं, त्यामुळे शंका येत नाही. वर युरियाचा नेहमीचा हप्ताही पडतो. नत्र जास्त झालं की पाती लुसलुशीत होतात, पीक दाटतं, दव उशिरापर्यंत सुकत नाही, आणि तांबेऱ्याला हवी तशी ओल मिळते. ओंब्या भरल्या की गहू लोळतो, ते वेगळंच.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासल्या जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम त्यात नाहीत. पत्रिकेवर सगळं हिरव्या रंगात आलं म्हणून माती स्वच्छ, असा अर्थ निघत नाही. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. नमुना देताना अर्जावर "कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम, एकूण आणि डीटीपीए विद्राव्य" असं स्पष्ट लिहा. एकूण आकडा मातीत किती साठलंय ते सांगतो. पिकाच्या मुळाला त्यातलं किती सहज मिळेल, याचा अंदाज डीटीपीए नावाच्या रसायनात विरघळलेल्या धातूच्या आकड्यावरून येतो.

नमुना घेण्याची नेहमीची पद्धत सगळ्यांना माहीत असते: नागमोडी चालत एकरात दहा-पंधरा ठिकाणी वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, कडेची सारखी जाड चकती, सगळं एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत अर्धा किलो उरवायचं. धातूंच्या नमुन्यासाठी यात तीन बदल करा. गंजलेलं खुरपं आणि जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं बाजूला ठेवा. लाकडी पाचर किंवा स्टीलचं खुरपं आणि प्लास्टिकची स्वच्छ बादली घ्या. दुसरं, अख्ख्या शेताचा एकच नमुना करू नका. पाणी जिथून शेतात शिरतं त्या पाटाजवळच्या साऱ्यांचा एक आणि शेवटच्या टोकाचा एक, असे दोन वेगळे घ्या. गाळ पाटाच्या तोंडाशी बसतो आणि धातू गाळाबरोबर येतात. दोन आकड्यांत मोठा फरक दिसला तर प्रदूषण पाण्यातून आलंय हे जवळपास पक्कं, आणि मग पाटाच्या तोंडाशी एक छोटा खड्डा करून गाळ तिथेच थांबवता येतो. तिसरा बदल: रस्त्याच्या कडेचे चार-पाच मीटर सोडून नमुना घ्या. तिथल्या मातीत वाहनांमुळे साठलेलं शिसं असू शकतं आणि त्याने पूर्ण शेताचा आकडा बिघडतो.

अहवाल आला की कॅडमियमच्या ओळीकडे आधी बघा. प्रदूषण नसलेल्या मातीत ते बहुधा किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आतच असतं. शिसं मातीत असलं तरी मुळातून दाण्यापर्यंत फार कमी पोहोचतं. दाण्यावर सापडणारं शिसं बरंचसं धुळीचं असतं. आर्सेनिकचा त्रास पाणी तुंबलेल्या भातात जास्त, गव्हात कमी. कॅडमियम मात्र जस्तासारखं वागतं. जस्ताच्याच वाटांनी ते मुळात शिरतं आणि दाण्यात जाऊन बसतं. पिकाला त्याचा काही त्रास दिसत नाही, पानावर डाग पडत नाही, उतारा घटत नाही.

आपल्या काळ्या जमिनींचं एक बरं आहे. सामू बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर, चुनखडी मुबलक, चिकणमाती भरपूर. अशा जमिनीत कॅडमियम मातीच्या कणांना घट्ट धरून राहतं. म्हणून परदेशी लेखांत वाचून शेतात चुना टाकायला जाऊ नका. तो सल्ला आम्ल जमिनींचा आहे. काळ्या जमिनीत धोका दुसरीकडून येतो. पाणी खारं असेल तर त्यातलं क्लोराइड कॅडमियमला मातीपासून सोडवतं आणि ते मुळाला सहज मिळू लागतं. सांडपाणी आणि खारवट विहीर दोन्ही असलेल्या शेतात हा प्रश्न दुप्पट गंभीरपणे घ्या.

उपायांपैकी सगळ्यात स्वस्त आहे जस्त. डीटीपीए जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर एकरी ८ किलो झिंक सल्फेट पेरणीआधी शेणखतात मिसळून द्या. जस्त पुरेसं असलं की मुळं कॅडमियम कमी घेतात, शिवाय उतारा वाढतो. दुसरा उपाय खताच्या निवडीत आहे. स्फुरदाची खतं ज्या खडकापासून बनतात त्यात मुळातच थोडं कॅडमियम असतं. म्हणून तपासणीत स्फुरद 'भरपूर' आलं असेल तर सवयीने डीएपीचं पोतं ओतणं थांबवा. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडून तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात अशा कंपोस्टसाठी कॅडमियम किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि शिसं १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. अहवाल दाखवता येत नाही असं उत्तर आलं की ट्रॅक्टर रिकामा परत न्या.

वाण: पिशवीवरच्या 'प्रतिकारक' शब्दाला तारीख असते

गव्हावर तीन तांबेरे येतात. पिवळा तांबेरा थंडीचा. पंजाब, हरियाणा, हिमाचलचा. आपल्याकडच्या उबदार हवेत तो टिकत नाही. महाराष्ट्राचे दोन: पानावरचा नारिंगी तांबेरा आणि खोडावरचा काळा तांबेरा. नारिंगी दरवर्षी कुठे ना कुठे दिसतो. काळा क्वचित येतो, पण आला की दाणा चपटा करून जातो. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात त्याने गव्हाची वाताहत केली होती.

तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पानावर जगते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचे बीजाणू शेतात तग धरत नाहीत. आग्र्याला काम करणारे के. सी. मेहता यांनी हे उलगडलं की हा रोग दरवर्षी डोंगरांवरून नव्याने खाली येतो. युरोप-अमेरिकेत बार्बेरीचं झुडूप त्याला आसरा देतं. आपल्याकडे ती भूमिका हिमालय आणि दक्षिणेत निलगिरी-पळणीचे डोंगर पार पाडतात. पुढे १९७० च्या दशकात एस. नागराजन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नोव्हेंबरातली बंगालच्या उपसागरातली वादळं निलगिरीवरचे काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू मध्य भारतापर्यंत आणतात आणि पावसाबरोबर ते पिकावर उतरतात. म्हणून नोव्हेंबरात वादळ होऊन आपल्याकडे अवकाळी पाऊस झाला, तर त्या वर्षी शेताची पाहणी एरवीपेक्षा आधी सुरू करायची, हे डायरीत लिहून ठेवा.

आता प्रतिकारशक्ती. ती दोन प्रकारची असते आणि हा फरक कळला की वाणाची जाहिरात वाचता येते. पहिल्या प्रकारात एकच मोठं जनुक बुरशीच्या ठरावीक प्रकाराला ओळखतं आणि तिथल्या तिथे रोखतं. पान एकदम स्वच्छ राहतं. पण हा हातात एकच फोटो दिलेला पहारेकरी आहे. बुरशीने चेहरा बदलला की तो तिला आत सोडतो. १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या आणि युजी-९९ नावाने जगभर गाजलेल्या काळ्या तांबेऱ्याने हेच केलं. कित्येक देशांतल्या गव्हाची भिस्त एसआर-३१ या एका जनुकावर होती, ते त्याने निकामी केलं. हा प्रकार इराणपर्यंत पोहोचल्याची नोंद २००७ ची आहे.

दुसऱ्या प्रकारात रोग येतो, पण हळू. पुळ्या थोड्या, लहान, उशिरा. पीक पाण्यावर असताना हे चित्र थोडं घाबरवतं, तरी अशी प्रतिकारशक्ती पिढ्यानपिढ्या टिकते. यातली दोन जनुकं शेतात नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात, आणि दोन्हींना आपल्याकडे रोग किंवा खताची कमतरता समजून फवारलं जातं. एक एलआर-३४. हे असलेल्या गव्हाच्या निसवण्याच्या, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याच्या सुमारास वरच्या पानाचं फक्त टोक पिवळं पडून वाळतं. बाकी पान हिरवं असतं. पालाशाची कमतरता समजून कुणी फवारणी सुचवली, तर आधी पूर्ण शेत बघा. सगळ्या झाडांचं टोक सारखंच वाळलंय आणि खालची पानं ठीक आहेत, तर तो बहुधा वाणाचा गुण आहे. दुसरं एसआर-२. याने ओंबीच्या तुसांवर आणि खोडाच्या पेऱ्यांजवळ काळसर छटा येते. बोटाने पुसली तर ती जात नाही, बोटाला काही लागत नाही. हे लक्षण दिसलं म्हणून कुणी ते वाण नाकारत असेल तर त्याला थांबवा.

एसआर-२ चा उगम आपल्याला जवळचा आहे. अमेरिकेत मॅकफॅडन यांनी १९२० च्या आसपास ते एका एमर गव्हातून पोळीच्या गव्हात आणलं, आणि एमर म्हणजे आपल्या खपलीची जात. खुद्द आपली खपलीही काळ्या तांबेऱ्याच्या संशोधनात 'खपली' याच नावाने मोठी झाली. बुरशीचे प्रकार ओळखायला अमेरिकेत स्टॅकमन यांनी जे बारा गहू निवडले त्यात ती होती, आणि एसआर-१३, एसआर-१४ ही जनुकं तिच्यातून पुढे आली. सांगली-साताऱ्याकडे आजी खीर करायला जी जोंधळ्याशेजारी चार ओळी पेरायची, ती ही.

वाण निवडताना मी असा क्रम धरतो. आधी पेरणीची तारीख. १ ते १५ नोव्हेंबर ही वेळेवरची बागायती पेरणी. त्यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस ६२२२ आणि एमएसीएस ६४७८, राहुरी विद्यापीठाचे तपोवन आणि फुले समाधान. एमएसीएस ६४७८ सुमारे ११० दिवसांत येतो. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपमध्ये या वाणाने हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उतारा दिल्याची नोंद आहे. उसाचा खोडवा निघाल्यावर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचं असेल तर फुले समाधान किंवा एनआयएडब्ल्यू ३४. एक-दोन पाण्यांवर भागवायचं असेल तर नेत्रावती. लोक-१ चा दाणा बाजारात आवडतो हे खरं, गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीने दिलेला हा वाण एका पिढीने पोटभर खाल्ला. पण तो तांबेऱ्याला बळी पडतो. भावापुरता पेरायचाच असेल तर थोडाच पेरा आणि फवारणीचा खर्च धरून पेरा.

आता सुरुवातीचा तिसरा प्रश्न. रवा-शेवया-पास्त्यासाठीचा बन्सी गहू, म्हणजे गोदावरी, पंचवटी, एमएसीएस ३१२५ यांसारखे वाण, पोळीच्या शरबती गव्हापेक्षा दाण्यात कॅडमियम जास्त साठवतो. कारण सापडलेलं आहे. मुळाच्या पेशीत कॅडमियम कोंडून ठेवणारं एक जनुक बऱ्याच आधुनिक बन्सी वाणांत निकामी आहे, त्यामुळे ते वर दाण्यापर्यंत चढतं. कॅनडात हे ओळखून पैदासकारांनी काम करणारं जनुक पुन्हा आणलं. २००४ मध्ये नोंदवलेला त्यांचा स्ट्राँगफील्ड हा वाण त्यातूनच आला. युरोपीय संघाने तर २०२१ पासून बन्सी प्रकारच्या गव्हाला कॅडमियमची वेगळी, किलोमागे ०.१८ मिलिग्रॅमची मर्यादा दिली आहे. साध्या गव्हाला ०.१०. तुमच्या शेताचा नियम यातून सरळ निघतो: सांडपाण्याच्या किंवा तपासणीत कॅडमियम चढलेल्या शेतात बन्सी पेरू नका. तिथे शरबती पेरा, आणि बन्सी स्वच्छ पाण्याच्या तुकड्यात न्या.

पेरणी आणि तुलनेचे पट्टे

बियाणं प्रमाणित असेल तर पिशवीवरची बीजप्रक्रिया वाचा. घरचं असेल तर थायरम किलोला ३ ग्रॅम, आणि गेल्या साली काणीच्या काळ्या ओंब्या दिसल्या असतील तर कार्बोक्सिन असलेलं बुरशीनाशक. काणी दाण्याच्या आत असते, वरवर लावलेल्या थायरमने ती जात नाही. जिवाणू संवर्धक शेवटी, सावलीत. वेळेवरच्या पेरणीला हेक्टरी १०० किलो, उशिराला १२५ किलो बी, ५-६ सेंटिमीटर खोल, त्याहून खोल नको. पहिलं पाणी २१ व्या दिवशी, मुकुटमुळं फुटताना. हे चुकवू नका. सांडपाण्याच्या शेतात दुसरा नत्राचा हप्ता माती अहवाल बघून निम्म्यावर आणा किंवा गाळा.

नवा वाण अख्ख्या शेतात एकदम पेरायची माझी कुणालाच शिफारस नाही. तीन-चार वाणांचे एकेक-दोन-दोन गुंठ्यांचे पट्टे, एकाच तारखेला, एकाच खतावर, शेजारी शेजारी. गुंठ्याला साधारण एक किलो बी लागतं. हा हिशेब पुढे फार कामाला येतो: एका गुंठ्यातून जितके किलो दाणे, तितके हेक्टरी क्विंटल. ३८ किलो निघाले तर ३८ क्विंटल. कॅल्क्युलेटरशिवाय बांधावर उत्तर मिळतं. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुंटी मारून वाणाचं नाव ऑइल पेंटने लिहा. मार्करची शाई जानेवारीपर्यंत उडून जाते.

डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी: शेतात फिरणं

तांबेरा वाट बघत नाही; बीजाणू पानावर पडला, पान सहा-आठ तास ओलं राहिलं आणि हवा १५ ते २५ अंशांत असली की आत शिरतो. पुळी दिसायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा फेरी पुरते, पण ती सकाळी दव सुकताना करा. खालची पानं त्या वेळी स्पष्ट दिसतात.

पाटाजवळचा, झाडांच्या सावलीचा आणि पीक सर्वांत दाट असलेला कोपरा आधी. प्रत्येक पट्ट्यात पाच जागी थांबा, प्रत्येक जागी पाच झाडं. आधी खालून तिसरं-चौथं पान, मग वरचं झेंडा पान, मग खोड. नारिंगी तांबेऱ्याच्या पुळ्या पानाच्या वरच्या बाजूला, गोल, राईपेक्षा लहान, विखुरलेल्या. काळ्या तांबेऱ्याच्या खोडावर, पानाच्या आवरणावर, लांबट, विटकरी-तपकिरी, आणि त्या फुटताना सालीचे तुकडे कडेला उचकटलेले दिसतात. पुढे त्याच काळ्या पडतात. शंका असेल तर अंगठा आणि पांढरा रुमाल: पुळीवर घासल्यावर गंजासारखी पूड लागली तर तांबेरा, काही लागलं नाही तर करपा, कमतरता किंवा वाणाचं लक्षण.

मोजायची पद्धत जगभर एकच वापरतात, सुधारित कॉब मापनश्रेणी. पानाचा पुळ्यांनी व्यापलेला भाग टक्क्यांत लिहायचा आणि पुढे पुळीचा प्रकार. इथे एक गंमत आहे. या श्रेणीत १०० टक्के म्हणजे पानाचा प्रत्यक्षात सुमारे ३७ टक्के भाग पुळ्यांनी भरलेला. कारण त्याहून जास्त पुळ्यांना पानावर जागाच नसते. त्यामुळे पानाचा पाचवा भाग भरलेला दिसला तर २० लिहू नका, तो ५० च्या वर आहे. प्रकारासाठी चार खुणा पुरेत: पुळीच नाही, फक्त फिका ठिपका (प्र, म्हणजे प्रतिकारक), लहान पुळी आणि भोवती पिवळं वलय (मप्र, मध्यम प्रतिकारक), मध्यम पुळी (मब, मध्यम बळी पडणारा), मोठी मोकळी पुळी आणि भोवती हिरवं पान (ब, बळी पडणारा). '४०ब' आणि '४०मप्र' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात वाण लढतोय. फक्त टक्के लिहिणारे हा फरक हरवून बसतात आणि चांगला वाण पुढच्या वर्षी टाकून देतात.

गावात कुणाचा लोक-१ असेल तर त्या शेताकडेही दर आठवड्याला नजर टाका. तिथे पुळी आधी उगवते. संशोधन केंद्रांवर मुद्दाम आग्रा लोकलसारखे रोगाला बळी पडणारे गहू कडेने पेरतात, ते याचसाठी आणि सगळ्या ओळींवर रोग सारखा पसरावा म्हणून. तुम्ही ते स्वतःच्या शेतात करू नका. शेजाऱ्याशी भांडण व्हायचं.

'प्रतिकारक' म्हणून पेरलेल्या वाणावर '५ब' जरी दिसलं तरी नमुना पाठवा. महाबळेश्वरला राहुरी विद्यापीठाचं गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र आहे, सिमल्याला फ्लॉवरडेल इथे राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे. कृषी विज्ञान केंद्रामार्फतही पाठवता येतं. पुळ्या असलेली आठ-दहा पानं किंवा खोडाचे तुकडे कापा, रात्रभर सावलीत सुकवा, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. पानं कुजतात आणि बीजाणू मरतात. पाकिटावर गाव, तालुका, वाण, पेरणीची तारीख, नमुन्याची तारीख, शेजारी कुठला वाण होता, आणि कॉबची नोंद. केंद्रात हे बीजाणू ठरलेल्या गव्हांच्या रोपांवर चढवून बुरशीचा प्रकार काढतात. ७७-५, ४०-ए अशी नावं वाचलीत तर ती याच चाळणीतून आलेली असतात. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर पीक निघालेलं असेल. पण तुमचं पाकीट हे त्या वर्षी त्या तालुक्यातून गेलेलं एकमेव पाकीट असू शकतं, आणि पुढच्या वाणाची चाचणी कोणत्या बुरशीवर घ्यायची हे अशाच पाकिटांवरून ठरतं.

फवारायचं की नाही

निसवण्याच्या आधी किंवा फुलोऱ्यात, झेंडा पानाखालच्या पानावर मोकळ्या पुळ्या (ब) दिसल्या आणि हवा ढगाळ-दवाची असली, तर फवारा. प्रोपिकोनाझोल २५ ईसी, लीटरला १ मिली; हेक्टरी ५०० मिलीच्या हिशेबाने पाणी इतकं घ्या की खालची पानं आणि खोड भिजेल. गरज असेल तर पंधरा दिवसांनी दुसरी. दाणा चिकातून पुढे कडक होत आल्यावर फक्त नारिंगी तांबेरा दिसत असेल तर फवारणीचे पैसे वाया. काळा तांबेरा खोडावर असेल तर मात्र चिकाच्या अवस्थेतही थांबू नका. लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी पाळायचा. मप्र नोंद असलेल्या वाणावर शेजाऱ्याने फवारलं म्हणून फवारू नका.

मार्च: घरचं बियाणं आणि दाण्याची तपासणी

गहू स्वपरागीत आहे, त्यामुळे चांगल्या वाणाचं बी तीन वर्षं घरचं वापरता येतं. पीक वाण संरक्षण कायदा, २००१ शेतकऱ्याला ते ठेवायची, पेरायची, देवाणघेवाणीची, ब्रँड न लावता विकायचीही मोकळीक देतो. काढणीआधी पट्ट्यातून दोनदा फिरून भेसळ काढा: उंच, वेगळ्या कुसळाचं, वेगळ्या रंगाच्या ओंबीचं आणि काणीचं झाड मुळासकट, काणीचं तर पिशवीत घालून. बियाणं पट्ट्याच्या मधून घ्या, कडेच्या दोन ओळी सोडून.

प्रत्येक पट्ट्यातला एक चौरस मीटर आधी विळ्याने वेगळा कापा. ग्रॅममधलं वजन भागिले दहा म्हणजे हेक्टरी क्विंटल. गुंठ्याच्या आकड्याशी ताडून बघा. मग हजार दाणे मोजून वजन करा. ज्या पट्ट्यात कॉबची नोंद जास्त, तिथे दाणे तितकेच पण वजनाने हलके निघतात. रोगाचं नुकसान इथे कळतं. पुढच्या वर्षी वाण ठेवायचा की नाही हे ठरवताना पानावरच्या पुळ्यांपेक्षा मी या आकड्याला जास्त मान देतो.

सांडपाण्याच्या शेतातला गहू असेल तर विकण्याआधी किंवा घरात भरण्याआधी किलोभर दाणा मान्यताप्राप्त खाद्य प्रयोगशाळेत द्या. वाळवताना तो रस्त्यावर पसरू नका. धुळीतलं शिसं तिथेच चिकटतं. कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची आंतरराष्ट्रीय मर्यादा गव्हाला कॅडमियम किलोमागे ०.२ आणि शिसं ०.२ मिलिग्रॅम आहे. शिसं जास्त आलं तर दाणा धुऊन, वाळवून पुन्हा तपासा, बरेचदा आकडा उतरतो. कॅडमियम धुण्याने जात नाही. ते जास्त आलं तर तो लॉट खाण्यासाठी, जनावरांसाठीही, वापरू नका, आणि पुढच्या हंगामात त्या तुकड्यात खाण्याच्या पिकाऐवजी फुलशेती किंवा बीजोत्पादन घ्या.

काड पेटवू नका. तांबेरा त्यात राहत नाही, म्हणजे ते जाळून रोग कमी होत नाही. स्वच्छ पाण्याच्या शेतातलं काड गोठ्यात किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. सांडपाण्याच्या तुकड्यातलं मात्र गुरांना घालण्याआधी दाण्याबरोबर तपासून घ्या, कारण कॅडमियम दाण्यापेक्षा काडात जास्त राहतं.